काळ्या पेटीतलं एक मत

मी इलेक्शनला उभा राहिलो त्या सालात आमच्या तीन गावांत अकरा माणसं मेली, आणि त्यातलं एकही मी मारलेलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो. कारण अजून दोन-चार म्हाताऱ्या अशा आहेत, की मला रस्त्यात बघितलं तर पदर तोंडाला लावून बांधावरून जातात. मी पंच्याहत्तरीला आलो. डोळ्यांना धड दिसत नाही, गुडघे वाजतात, तरी माणसं मला भितात! चांगुणा, माझी बायको, असती तर म्हणाली असती, "भित्यात ते बरं हाय. नायतर तुमाला इचारलं असतं कुनी?" ती गेली त्याला चार महिने झाले. घरात भांडायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा दोन यत्ता. चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा.

तर माझं काम असं, की गावात कोणी गेलं की तिरडी मी बांधायची. जातीचा धंदा नव्हे, मोबदला नव्हे, हौस तर नव्हेच. (हौस कशी असेल!) बापाला यायची, त्याचं बघून मला यायला लागली. दोन बांबू, सात कामट्या, काथ्या आणि पेंढा. बघायला सोपं आहे. पण दुसऱ्यांनी बांधलेल्या तिरडीवर माणूस वाटेत कलतो, आणि तो कलला की खांदेकरी त्याला टाकून पळतात. माझ्या तिरडीवरून आजवर कोणी कललं नाही. तक्रार तर एकानंही केली नाही.

हाताला सवय अशी लागली, की बंडीच्या खिशात काथ्या असायचाच आणि बसल्या जागी बोटं आपोआप गाठी मारायची. चांगुणा ओरडायची, "हात आवरा! घरात सगळी जिती हायत!" कधी सकाळी उठून बघावं तर उशाशी गाठी मारलेला काथ्या. मी कधी मारल्या ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी दुपारच्या आत कोणीतरी बोलवायला यायचं. यायचंच! याचा अर्थ मला विचारू नका. मीही कोणाला विचारला नाही.

आता नदीचं सांगतो. भिवपुरीला डोंगराखाली वीजघर झालं आणि आमच्या नदीला बारमाही पाणी आलं. चांगलंच झालं, उन्हाळ्यात वांगी झाली, मिरच्या झाल्या. पण आमचं मसण पडलं नदीपल्याड. पूर्वी आठ महिने कोरड्या पायांनी जायचो. आता आभाळात ढग नाही, पाऊस नाही, आणि वीजघरानं पाणी सोडलं की भर उन्हात घोट्याचं पाणी कमरेला येतं. आवाज नाही, काही नाही. काठावर उभं राहून बघावं तर एकेक दगड डोळा मिटल्यासारखा नाहीसा होतो.

त्यात गावातले गोमातात्या गेले, त्यांना नेतानाचं प्रकरण झालं. मधोमध खांदेकऱ्यांचा पाय सरकला, तिरडी पाण्यावर गेली आणि तात्या निघाले! तिरडी माझ्या हातची, त्यामुळं बुडायचं नाव नाही. (हे अभिमानानं सांगावं की लाजेनं, ते माझं अजून ठरलेलं नाही.) खालच्या गावात बाया धुणं धूत होत्या. तात्या पाय पुढं करून ऐटीत आले आणि धुण्याच्या दगडाला लागले. त्यातल्या एका बाईनं पुढं जन्मात नदीवर धुणं धुतलं नाही.

तात्यांना परत आणून, पोचवून, आंघोळ करून घरी आलो तर चांगुणा दारात उभी.

"मी मेल्यावर मला असं न्यायचं नाय. मला भिजाया आवडत नाय."

"मेल्यावर काय कळतंय गं तुला?"

"तात्यांना इचारून आलात वाटतं! तुमी पूल करा."

"मी पूल करू? मी काय इंजनेर हाय?"

"लोकल बोर्डाचं मेंबर व्हा. अण्णा खोत मेंबर झाला तर सोताच्या बागंपातूर सडक नेली त्यानं. तुमी पूल न्या नदीपातूर."

"आणि माणसं मत देतील मला?"

"एवढी माणसं पोचवलीत, त्यांची पोरं इसरली का काय?"

मी उभा राहिलो. समोर अण्णा खोतच होते. त्यांना भिऊन मी मागं राहिलो असं कोणी म्हणायला नको, आणि खरं म्हणजे चांगुणेला मी जास्त भीत होतो.

त्या वेळी मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर शेतसारा त्यालाच. बायकांना आमच्याकडं नव्हतंच म्हणा. आमच्या तीन गावांचा मिळून एक मेंबर, आणि मतं चाळीसेक. वाचता येणारे थोडे, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी. कचेरीत चिठ्ठी काढली. अण्णांना पिवळी आली. मला काळी! कचेरीतल्या कारकुनानं माझ्याकडं बघितलं, माझ्या खिशातून लोंबणाऱ्या काथ्याकडं बघितलं, आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

मग मी घरोघर मतं मागायला निघालो, आणि तिथं सगळं बिघडलं.

पहिलं घर हिरूचं. त्याचा बाप दोन वर्षं अंथरुणात. आता ज्या माणसानं तीस वर्षं लोकांच्या घरात एकाच कामासाठी पाऊल टाकलं, तो जसा बसेल तसा मी बसलो. ओटीवर, खांबाला टेकून, मान खाली. दुखवट्याच्या घरी बोलायची घाई करत नाहीत. हिरू बाहेर आला, मला बघितलं आणि तोही मान खाली घालून बसला. पाण्याचा तांब्या आला, तो मी नुसतं बोट लावून बाजूला सारला. बराच वेळ गेला. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर रोजचंच आलं बाहेर.

"कधी झालं?"

हिरूनं मान वर केली. "काय कधी झालं?"

"म्हातारा..."

"म्हातारा आत पेज खातोय!"

"असू दे. धीर धर."

आतून हिरूच्या बायकोचा आवाज आला, "अवो, मामंजींनी वाटी खाली ठिवली बघा! भिंतीकडं तोंड केलंय त्यांनी!"

घरात एकदम असं गप झालं, की आढ्यातले किडे लाकूड खात होते ते ऐकू आलं. मी उठलो आणि निघालो. समाचाराला गेलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही, तसं मीही म्हटलं नाही. वेशीपाशी आलो तेव्हा आठवलं, की मत मागायचं राहिलंच! मागं वळलो, तर त्या घरातून रडणं सुरू झालं होतं. म्हटलं, आता जाणं बरं दिसणार नाही.

चौथ्या दिवशी म्हातारा गेला. बोलवायला हिरू स्वतः आला. त्याच्या मुठीत काथ्याचा तुकडा होता, गाठी मारलेला.

"धाकूदादा, हे आमच्या खांबाशी इसरला व्हतास." त्यानं तो माझ्या हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि चार पावलं मागं सरला.

दुसरं घर पांडूचं. तिथं मी मनाशी पाठ करून गेलो, की बसायचं नाही, मान वर ठेवायची, आणि हसायचं. मी उभा राहून मान वर ठेवून हसलो. पांडूची आत्या तिथंच बेशुद्ध पडली. (चांगुणा पुढं म्हणाली, "तुमचं हसू मी लगीन झाल्यापास्नं दोनदा बघितलंय. ती बिचारी पैल्यांदाच बघत व्हती.") आत्या शुद्धीवर आली, पण आठवड्यानं गेली. तिसऱ्या घरात मी पाऊलच टाकलं नाही, लांबनं हात जोडले. तिथली म्हैस मेली.

मग गावात एक वेगळंच वारं सुटलं. मी रस्त्याला लागलो की पुढची घरं एकेक करून गप व्हायची. उखळातला आवाज थांबायचा. पोरं आत ओढली जायची. कुत्री भुंकायची नाहीत, नुसती उठून उभी राहायची आणि माझ्या मागं बघायची. माझ्याकडं नव्हे, माझ्या मागं! मी दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा माझी छाती झाली नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, मी माझ्याच गावातून घाम पुसत पळालो आणि घरात शिरून कडी लावली.

चांगुणा म्हणाली, "काय झालं?"

"माझ्या मागं कोन हाय का बघ."

तिनं नीट बघितलं. "हाय."

मी दाराला पाठ लावली. "कोन?"

"मतं हायत. पळत्यात. तुमी आता घरात बसा. परचार मी करते."

तिचा प्रचार एका वाक्याचा होता. दारात उभी राहायची आणि म्हणायची, "मत काळ्या पेटीत टाका, नायतर मालकांना समजवाया धाडते." बस्स! आठ दिवसांत तिन्ही गावं फिरली आमच्याकडं. माणसं दारापर्यंत येऊन शपथा घ्यायला लागली. एकजण तर म्हणाला, "वैनी, मी दोन मतं देतो, पन दादा आमच्या आळीनं नको." अण्णा खोत घोड्यावर बसून मतं मागत फिरले, पण लोक त्यांना तोंडावर नाही म्हणत होते, जे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मीही मनात म्हटलं, चला, भीतीनं का होईना, पूल होतोय.

मतदान पौषात आलं. सकाळी नदीवर धुकं इतकं, की हात लांब केला तर बोटं दिसेनात. कर्जतच्या शाळेत आठ वाजता पेट्या मांडणार होते. मी आणि चांगुणा फटफटताना निघालो. (तिला मत नव्हतं. मी वाटेत कुणाच्या घरी शिरू नये म्हणून ती बरोबर होती.) मसणाकडं उतरायची जिथं वाट आहे, तिथं काठावर एक माणूस उभा. पांढरं धोतर, पांढरी बंडी. जवळ गेलो तर अण्णांचे वडील, थोरले खोत! वर्षभर लकव्यानं अंथरुणात होते. उजवा हात, उजवा पाय गेलेला. आणि इथं सरळ उभे.

"थोरलं खोत, तुमी? एकलंच?"

"धाकू, पल्याड जायाचं व्हतं रं. पन पानी लई हाय."

"इतक्या सकाळी पल्याड काय काम?"

ते हसले. "आज मतं हायत न्हवं? पोरगा म्हनतो मला दे. म्हटलं, तुला कशापायी देऊ? तुझी सडक बागंत जाते. माझी वाट हिकडं हाय. तू पूल करशील?"

"करतो."

"मंग माझं मत तुला."

मला इतका आनंद झाला! न भिता, समोर उभं राहून कबूल केलेलं हे माझं पहिलं मत. मी म्हटलं, "चला मंग संगती."

"तू हो फुडं. मी बराबर पोचतो."

दहा पावलं पुढं गेलो तर चांगुणा म्हणाली, "कुनाशी बोलत व्हतात?"

"थोरल्या खोतांशी."

"कुठं?"

"काय आंधळी झालीस का? तिथं काय उभे..."

मागं नुसतं धुकं होतं. मी परत जाऊन बघितलं. ओल्या मातीत माझ्या पावलांचे ठसे होते, आणि शेजारी माती सपाट. तेवढ्यात धुक्यातून कोणी धावत येत असल्याचा आवाज आला. खोतांचा गडी.

"धाकूदादा! बरं झालं गावलास. मागं फिर. थोरलं गेलं."

"कुठं गेलं?"

"अरं, गेलं! कोंबडा आरवायच्या आधी गेलं. अण्णा म्हनाले, धाकूला घेऊन ये."

चांगुणेनं माझा दंड असा धरला, की निळा डाग दोन आठवडे राहिला. मला म्हणायचं होतं की मला मत द्यायला जायचंय, माझी पेटी आहे, माझा पूल आहे. ती म्हणाली, "जावा. थोरल्यांनी इचारलंय तुमाला." थोरल्यांचं बोलणं मी तिला किती सांगितलं होतं? काही नाही. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तिन्ही गावांचा खोत गेला म्हटल्यावर घरात कोण राहतंय! सूर्य धुक्यातून वर यायच्या आत काळ्या पेटीची माणसं आणि पिवळ्या पेटीची माणसं सगळी एकाच अंगणात. मी बांबू मापाला घेतले. थोरले खोत आत निजवलेले. मी हात धुऊन जवळ गेलो. उजवा हात, जो वर्षभर छातीशी आखडलेला होता, तो सरळ होता. बोटांना काळी शाई लागल्यासारखं वाटलं. मी डोळे चोळले आणि दुसऱ्यांदा बघितलं नाही. काही गोष्टी दुसऱ्यांदा बघायच्या नसतात.

नदीवर आलो तेव्हा पाणी कमरेला. थांबलो. दुपार झाली, धुकं काही हलेना, पाणी उलट छातीला आलं. चाळीस मतदार काठावर उकिडवे बसले आणि मध्ये तिरडी. शेवटी अण्णा म्हणाले, "धाकू, बाबांना असं किती येळ ठेवायचं?"

"म्हनून तर मी उभा राह्यलो, अण्णा."

त्यांनी धोतर खोचलं आणि पुढचा बांबू खांद्यावर घेतला. दुसरा पुढचा मी घेतला. लोकल बोर्डाचे दोन्ही उमेदवार छातीभर पाण्यात! मधोमध माझा पाय दगडावरून सरकला.

"धाकू, सोडू नको!"

"मी नाय सोडत! तुमी धरा! त्यांनी मला मत कबूल केलंय!"

मागचे खांदेकरी ते ऐकून इतके घाबरले, की आम्हाला ढकलतच पल्याड घेऊन गेले. एरवी पोचलो नसतो. अण्णांनी माझ्याकडं कसं बघितलं ते सांगत नाही. चिता पेटली, आणि थोड्याच वेळात पाणी उतरून घोट्याला आलं. परत येईपर्यंत दिवस कलला होता. आमच्या तीन गावांतलं एकही माणूस कर्जतला गेलं नाही. मीसुद्धा! स्वतःचं मत स्वतःला न देणारा उमेदवार अख्ख्या जिल्ह्यात मीच असेन.

तिसऱ्या दिवशी कचेरीत पेट्या उघडायच्या होत्या. मी गेलो, कारण चांगुणेनं ढकललं. राख सावडून अण्णाही आले. पिवळी पेटी उघडली. रिकामी. काळी उघडली. खाली एक कागद पडला.

कारकून म्हणाला, "धाकू एक, खोत शून्य."

अण्णा उसळले. "आमच्याकडनं कुनीच आलं न्हवतं. हे कोन?"

"आला होता ना एकजण. मी शाळेचं कुलूप काढत होतो तेव्हाच दारात उभा. म्हातारा. पांढरं धोतर. नाव विचारलं तर बोलला नाही, यादीवर बोट ठेवलं. सही केली, मत टाकलं, आणि..." कारकुनानं दाराकडं बघितलं. "गेला कुठून ते मी बघितलं नाही. दाराशी तर मीच होतो."

यादी पुढं केली. थोरल्या खोतांच्या नावापुढं मोडीत सही, ठसठशीत, पुसट कुठं नाही. अण्णांनी ती बघितली. मग बोट त्यावर ठेवलं.

"लकवा व्हायच्या आधीचा हात हाय बाबांचा."

"तक्रार लिहून देता का?" कारकुनानं विचारलं. "खोटं मत ठरलं तर निवडणूक परत होईल."

माझा पूल त्या एका सहीवर टांगलेला. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बापाची सही खोटी म्हनून कशी लिहून देऊ मी?" ते म्हणाले, आणि यादी मिटली.

असा मी मेंबर झालो. लोक म्हणतात, खोतांच्या कोणा भाऊबंदानं जाऊन सही केली असेल. असेल बाबा. भाऊबंद सगळे सकाळपासून माझ्यासमोर खोतांच्या अंगणात होते, पण असेल. बोर्डाच्या सभेत पुलाचा ठराव दोनदा पुढं ढकलला. तिसऱ्यांदा मी अध्यक्षांना एवढंच म्हटलं, "साहेब, घरी येऊन समजावून सांगू का?" ठराव बिनविरोध! अण्णांनी पुलासाठी पलीकडच्या काठाला दगड स्वतःच्या खाणीतून दिला.

चार महिन्यांपूर्वी चांगुणा त्या पुलावरून गेली. खाली पाणी चढलेलं होतं, गप, नेहमीसारखं. तिच्या पायाचं बोट भिजलं नाही. पुलाच्या मध्यावर मी सगळ्यांना थांबवलं आणि तिला म्हटलं, "कोरडी हायस का?" माणसं उभी राहिली. तिनं काही सांगितलं असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. काय ते सांगत नाही. ते आमच्या घरातलं आहे.

राहिली एकच गोष्ट. पूल बांधून झाल्यावर लगेच पुढचं इलेक्शन आलं आणि मी छाती काढून परत उभा राहिलो. आता तर काम दाखवायला होतं! त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, तिन्ही गावांत सगळी खुशाल होती, माणसं धुतलेले कपडे घालून पुलासमोरून रांगेनं मत द्यायला गेली. सगळं मतदान जित्या माणसांनी केलं.

मी पडलो.